जुन्या ॲम्प्लिफायरला स्ट्रीमर जोडताना

घरात बरा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत, सीडी प्लेअरची लेन्स गेली आहे आणि गाणी सगळी फोनवर. अशा यंत्रणेला इंटरनेटवरचं संगीत वाजवणारा डबा जोडायचा, म्हणजे स्ट्रीमर. दुकानात विचारलं की आधी डॅक चिपचं (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या चिपचं) नाव सांगतात, मग बिट आणि किलोहर्ट्झ. आमचा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आपण गाणी कुठल्या ॲपवर ऐकतो, ते ॲप डब्याशी थेट बोलतं का, आणि डबा ॲम्प्लिफायरच्या कुठल्या सॉकेटात जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. चिप सगळ्यात शेवटी. साध्या चिपनंही गाणं छान ऐकू येतं, पण ॲपचं आणि डब्याचं जमलं नाही तर महिन्याभरात डबा धूळ खात पडतो.

गाणं फोनमधून जातं की डब्यात थेट येतं?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. ब्लूटूथवर फोन गाणं इंटरनेटवरून घेतो, उलगडतो, पुन्हा दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. साध्या एसबीसी कोडेकला (कोडेक म्हणजे आवाज दाबण्याची पद्धत) सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट मिळतात. एलडॅक या वरच्या दर्जाच्या कोडेकला सिग्नल उत्तम असेल तर ९९०, पण भिंत मध्ये आली की तो ६६० किंवा ३३०वर उतरतो. आयफोन एलडॅक देतच नाही, तिथे एएसी किंवा एसबीसी. शिवाय फोन वाजला की गाणं थांबतं, आणि मारव्याच्या ऐन रंगात मेसेजची टिंग स्पीकरमधून येते. पाहुण्यांना एखादं गाणं लावायला ब्लूटूथ ठीक आहे. रोजच्या ऐकण्याचा तो पाया होऊ नये.

ॲपलच्या एअरप्ले या वाय-फायवरच्या पद्धतीतही गाणं फोनमधूनच जातं, पण दर्जा सीडीपर्यंत, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. गूगल कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्ट यांचं तंत्र वेगळं. फोन फक्त सांगतो की अमुक गाणं लाव, आणि डबा ते स्वतः इंटरनेटवरून ओढतो. फोनची बॅटरी वाचते, तुम्ही फोन घेऊन भाजीला गेलात तरी घरात गाणं चालू राहतं. शक्य असेल तेव्हा हीच पद्धत निवडा.

म्हणून खरेदीआधी रोजचं ॲप उघडा आणि गाणं चालू असताना कास्टचं किंवा एअरप्लेचं चिन्ह दिसतं का ते बघा. स्पॉटिफाय प्रीमियम असेल तर कनेक्ट असलेला कुठलाही डबा चालेल. यूट्यूब म्युझिक ऐकत असाल तर कास्ट असलेलाच डबा घ्या. इथे लोक हमखास फसतात: वीम या ब्रँडच्या मिनी स्ट्रीमरमध्ये एअरप्ले आहे पण कास्ट नाही, वीम प्रोमध्ये दोन्ही आहेत आणि राउटरची तार लावायचं इथरनेटचं सॉकेटही आहे. नुसतं नाव सारखं म्हणून स्वस्तातला घेतला की अँड्रॉइड फोन आणि यूट्यूब म्युझिकवाल्या घराला पुन्हा ब्लूटूथवर यावं लागतं. ॲपल म्युझिकचं पूर्ण हाय-रेझ (सीडीपेक्षा वरचा दर्जा) हवं असेल तर डब्यापेक्षा आयफोन किंवा आयपॅडला तारेनं यूएसबी डॅक जोडणं सरळ. सेटिंगमध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, मुळात बंद असतं, ते आपणच चालू करायचं.

टायडल आणि कोबझ या सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. त्यामुळे डब्याच्या खोक्यावर त्यांची चिन्हं आहेत म्हणून पुण्यात बसून जास्त पैसे मोजू नका. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे या दोन्ही बऱ्याचशा स्ट्रीमरमध्ये थेट चालतात. स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५मध्ये लॉसलेस सुरू केलं, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्या प्लॅनमध्ये ते आहे का हे ॲपमध्ये पाहा, आणि डब्याचं सॉफ्टवेअर ते वाजवतं का हेही.

दर्जाच्या आकड्यांबद्दल एवढंच: ३२० किलोबिटला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, सीडी दर्जाच्या फ्लॅकला (काही न गाळता दाबलेल्या फाइलला) साधारण ३५० ते ४००, आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झला २ जीबीच्या वर. सीडीचा दर्जा घरच्या ऐकण्याला पुरून उरतो. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेली नाट्यपदं १९२ किलोहर्ट्झमध्ये घेतली म्हणून त्यात नवं काही येत नाही, मूळ मुद्रणातच ते नसतं.

तंबोरा तुटतो का?

हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्यानं ही कसोटी लावल्याशिवाय डबा ठेवून घेऊ नये. सलग मैफलीचं असं मुद्रण निवडा, ज्यात विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर आहे, पण मध्ये गाणं थांबलेलं नाही. पहिल्या ट्रॅकचा शेवटचा अर्धा मिनिट लावा आणि सांध्याकडे कान ठेवा. चांगल्या यंत्रणेत तंबोऱ्याचा झंकार अखंड राहतो, ट्रॅक बदलल्याचं कळतही नाही. वाईट यंत्रणेत झंकार कापला जातो, पाव सेकंद ते दोन सेकंद शांतता येते, मग तंबोरा धाडकन सुरू होतो. समेच्या तोंडावर हे झालं की पुढची दहा मिनिटं मन लागत नाही.

कारणं दोन. एक, डीएलएनए या घरच्या नेटवर्कवरून फाइल वाजवण्याच्या पद्धतीनं फोनवरून ट्रॅक पाठवताना काही डबे पुढच्या ट्रॅकचा पत्ता आधी घेऊन ठेवत नाहीत, पहिला संपल्यावर मागतात. दोन, एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी कोडिंगमुळे थोडी रिकामी जागा येते, आणि ती छाटण्याची अक्कल प्रत्येक प्लेअरला नसते. फ्लॅकमध्ये हा दुसरा त्रास नाही. ॲपमधला क्रॉसफेड चालू करून भोक बुजवू नका, त्यानं एका ट्रॅकची शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशनही शास्त्रीय संगीतासाठी बंदच ठेवलेलं बरं.

स्वतःच्या सीडी असतील तर

त्या फेकू नका. कितीतरी जुनी मुद्रणं कुठल्याच सेवेवर नाहीत, आणि आज असलेली उद्या काढली जातात. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी वापरून फ्लॅकमध्ये उतरवा. अ‍ॅक्युरेटरिपची तपासणी चालू ठेवा, म्हणजे ओरखड्यांमुळे चुकीचं वाचलं गेलं तर कळतं. एका सीडीला ३०० ते ४०० एमबी धरा, १ टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांच्या आसपास मावतात.

कष्ट उतरवण्यात नाहीत, नावं लावण्यात आहेत. भीमसेन जोशी एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत आणि एकदा ‘पंडित’ लावून लिहिलं तर प्लेअरला ते तीन गायक वाटतात. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच. नाट्यपदांच्या संग्रहात दर पदाला वेगळा गायक असतो, तिथे ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात ‘विविध गायक’ भरलं नाही तर एका सीडीचे बारा तुकडे होतात. राग आणि ताल ट्रॅकच्या नावातच लिहा, शोधायला सोपं जातं.

डबा: विकत की घरी जुळवून

तयार डबा हवा असेल तर वीम प्रोसारखा छोटा स्ट्रीमर बहुतेक घरांना पुरतो. त्याला मागे आरसीए (डाव्या-उजव्या आवाजाची गोल सॉकेटं), ऑप्टिकल आणि कोॲक्सियल ही डिजिटल सॉकेटं आणि इथरनेट आहे. महागड्या भावात नीट बांधलेली पेटी, स्क्रीन आणि चांगला डॅक मिळतो. पण छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत दोन चांगल्या डॅकमधला फरक ओळखणं फार अवघड आहे. तेच पैसे स्पीकरच्या स्टँडवर घाला, फरक पहिल्या मिनिटात कळेल.

हातानं जुळवायची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या. साहित्य: पाय ४, त्यावर बसणारं हायफायबेरीसारखं डॅक बोर्ड, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अस्सल पॉवर सप्लाय, १६ जीबी मायक्रोएसडी कार्ड आणि हवा खेळेल अशी पेटी. पाय ४वरचं हेडफोनचं भोक वापरू नका, तिथला आवाज खरखरीत असतो. पाय ५ला ते भोकच नाही. सॉफ्टवेअर म्हणून मूड किंवा व्हॉल्युमिओ. मूड पूर्ण फुकट आहे. कार्डावर ते लिहितानाच रास्पबेरी पाय इमेजरमध्ये वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरा. बोर्ड बसवा, पाय चालू करा, दोन-तीन मिनिटांनी त्याच वाय-फायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये मूड डॉट लोकल उघडा. ऑडिओच्या सेटिंगमध्ये आपल्या बोर्डाचं नाव निवडून पाय पुन्हा सुरू करा. नाव चुकलं तर गाण्याचा काटा पुढे सरकतो पण आवाज येत नाही.

पायच्या दोन खोडी लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरमधलं शटडाउनचं बटण न दाबता थेट वीज तोडली तर कार्डावरची फाइल बिघडते आणि तो पुन्हा उठत नाही, म्हणून कार्डाची एक प्रत काढून ठेवा. यूएसबीवर फिरती हार्ड डिस्क लावली तर ती सुरू होताना जास्त करंट ओढते आणि पाय मध्येच रीस्टार्ट होतो. डिस्कला वेगळा पॉवर द्या किंवा एसएसडी वापरा.

डबा किती वर्षं चालेल हाही विचार करा. मार्च २०२५मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ हा डबा जगभर काही दिवस मुका झाला, दुरुस्ती वरून येईपर्यंत. उलट लॉजिटेकनं २०१२मध्ये सोडून दिलेले स्क्वीझबॉक्स स्ट्रीमर आजही अनेक घरांत वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि लिरियन या नावानं लोक तो सांभाळतात. घरच्या डिस्कवरच्या फाइल कंपनीच्या मदतीशिवाय वाजवणारा डबा म्हणूनच जास्त भरवशाचा.

जोडणी

ॲम्प्लिफायरच्या मागे सीडी, ऑक्स, ट्यूनर किंवा टेप प्ले असं लिहिलेली आरसीएची जोडी शोधा. फोनोमध्ये अजिबात लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, तिथे स्ट्रीमरचे २ व्होल्ट घातले तर फाटलेला, बेसनं भरलेला आवाज येतो. युरोपीय बनावटीच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर आरसीएऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. टेपच्या सॉकेटात ३ नंबरची पिन डावी, ५ नंबरची उजवी, २ नंबरची अर्थ. १ आणि ४ या बाहेर जाणाऱ्या रेकॉर्डिंगच्या पिना आहेत, आवाज आला नाही तर केबल बहुतेक त्यांना गेलेली असते. या सॉकेटांना पाव व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणून मध्ये सिग्नल कमी करणारा २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा, २ व्होल्टचे ०.२ होतात. काही स्ट्रीमरमध्ये आउटपुटचं व्होल्टेज ॲपमधूनच कमी करता येतं.

ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती तार चांगली, कारण तिच्यातून वीज जात नाही. पण कित्येक ऑप्टिकल इनपुट ९६ किलोहर्ट्झच्या वर अडखळतात. आवाज तुटक आला तर स्ट्रीमरची कमाल मर्यादा ९६वर आणा.

व्हॉल्यूम एकाच जागी ठेवा. डब्याचा आवाज १०० टक्क्यांवर स्थिर करा आणि ॲम्प्लिफायरच्या नॉबनं कमी-जास्त करा. डिजिटल व्हॉल्यूम दर ६ डेसिबलला साधारण एक बिट खातं. पहिल्यांदा चालू करताना नॉब मात्र पूर्ण खाली असू द्या, नाहीतर ट्वीटर जातील.

आवाज अडला किंवा गुणगुणला तर

शक्य तिथे इथरनेटची तार ओढा. नाही जमलं तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण आरसीसीच्या दोन भिंती त्याला झेपत नाहीत. ॲपला डबा दिसतच नसेल तर फोन गेस्ट वाय-फायवर आहे का, व्हीपीएन चालू आहे का, राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वाय-फायवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) लागलंय का, या क्रमानं बघा. वीज येऊन-जाऊन असते तिथे डबा राउटरच्या आधी उठतो आणि नेटवर्क न सापडल्यानं रुसून बसतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा त्रास जातो.

स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर ॲम्प्लिफायरच्या बाकी सगळ्या तारा काढा. गुणगुण थांबली तर एकेक परत लावा. बहुतेक वेळा टीव्हीची किंवा सेट-टॉप बॉक्सची तार लावताच ती परत येते, कारण गच्चीवरून आलेल्या केबलचा अर्थ आणि भिंतीतल्या सॉकेटचा अर्थ यांचं वर्तुळ पूर्ण होतं. त्यावर उपाय म्हणजे टीव्ही ऑप्टिकलनं जोडणं, किंवा आरसीएच्या तारेत ते वर्तुळ तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. इन्व्हर्टरवर गेल्यावरच घरघर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. तिथे केबल बदलून उपयोग नाही, साइन वेव्हचाच लागेल.