राज्यचिन्हासाठी नामशेष प्राणी कसा निवडावा

अमेरिकेतील अनेक राज्यांनी पक्षी आणि फुलांप्रमाणेच ‘राज्य जीवाश्म’ किंवा ‘राज्य डायनासोर’ही कायद्याने ठरवले आहेत. असा प्रस्ताव मांडणाऱ्याने प्राण्याच्या प्रसिद्धीपेक्षा त्याचे त्या भूमीशी असलेले नाते आधी तपासावे. मॅमथ हा हत्तीच्या कुळातील नामशेष प्राणी लोकप्रिय असला, तरी नेब्रास्का, अलास्का आणि वॉशिंग्टन यांनी त्याची निवड आधीच केलेली आहे. याउलट कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये राज्य डायनासोर म्हणून स्वीकारलेल्या ऑगस्टिनोलोफसचे अवशेष त्या राज्यातच मिळालेले असल्याने त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नाही.

त्यानंतर जीवाश्मांची ओळख पक्की आहे का, हे संग्रहालयातील तज्ज्ञांकडून लेखी घ्यावे, कारण सर्वाधिक फजिती येथेच होते. टेक्सासने १९९७मध्ये प्लूरोसीलसला राज्य डायनासोर ठरवले. पुढे तेथील हाडे वेगळ्याच प्राण्याची असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २००९मध्ये त्याच्या जागी पॅलक्सीसॉरसचे नाव स्वीकारावे लागले. मात्र प्रत्येक शास्त्रीय वाद घातक नसतो. इलिनॉयचा राज्य जीवाश्म असलेला टली मॉन्स्टर हा मऊ शरीराचा प्राचीन सागरी जीव पृष्ठवंशीय (पाठीचा कणा असलेला) होता की नाही, यावर अजून एकमत नाही. तरीही सापडलेला जीव आणि त्याला दिलेले नाव यांची सांगड निश्चित असल्याने त्या निवडीला धक्का लागत नाही.

प्राणी माणसामुळे नाहीसा झाला असेल, तर प्रस्तावात तसे स्पष्ट लिहावे. कॅलिफोर्नियाने ग्रिझली अस्वलाला १९५३मध्ये राज्यप्राणी केले, तेव्हा शिकारीमुळे ते राज्यातून नामशेष होऊन तीसएक वर्षे उलटली होती. अशा निवडीत अभिमानाबरोबर कबुलीही यायला हवी, असे माझे मत आहे.

पुढचे काम विधिमंडळाचे. विधेयक मांडणारा सदस्य मिळवावा, दोन्ही सभागृहांची (नेब्रास्कात मात्र एकाच सभागृहाची) मंजुरी आणि गव्हर्नरची स्वाक्षरी मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. मसुद्यात प्रचलित नाव, शास्त्रीय नाव आणि जीवाश्म सापडल्याचे ठिकाण एवढेच ठेवावे. दक्षिण कॅरोलायनात एका आठ वर्षांच्या मुलीने सुचवलेले मॅमथचे साधे विधेयक, बायबलमधील सृष्टिनिर्मितीचा उल्लेख घालण्याच्या दुरुस्त्यांमुळे २०१४मध्ये बराच काळ रखडले होते; म्हणून अशी दुरुस्ती आल्यास मूळ मजकुरावर ठाम राहणारे सदस्य दोन्ही सभागृहांत आधीच जोडून ठेवावेत.