बबल चार्ट काढताना या चुका टाळा, नाहीतर जळगाव धुळ्याच्या चौपट दिसेल

बबल चार्ट म्हणजे दोन आकडे आडव्या-उभ्या अक्षांवर आणि तिसरा गोळ्याच्या आकारात दाखवणारा चार्ट. आपल्या खान्देशचेच तीन जिल्हे घ्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर, धुळ्याची साधारण साडेवीस लाख, नंदुरबारची साडेसोळा लाखांच्या आसपास. म्हणजे जळगाव धुळ्याच्या दुप्पट, थोडं वरच. आता चार्टमध्ये गोळ्याची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ होतं चौपट, आणि बघणाऱ्याला दिसतो तो अख्खा गोळा, रुंदी कोण मोजत बसतंय, त्यामुळे आकडे बरोबर असूनही चार्ट खोटं बोलतो. माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती पकडायला कुणी जातच नाही.

एक्सेलमध्ये बबलवर राइट क्लिक करून फॉरमॅट डेटा सिरीज उघडा, तिथे 'एरिया ऑफ बबल्स' निवडलेलं पाहिजे, 'विड्थ' नको. कोडमध्ये त्रिज्या स्वतः देत असाल तर आकड्याचं वर्गमूळ घ्या. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉनमधली चार्ट काढायची लायब्ररी) मात्र स्कॅटरचा 'एस', म्हणजे गोळ्याचा आकार, आधीच क्षेत्रफळाच्या हिशोबाने चालतो, तिथे वर्ग किंवा वर्गमूळ केलं की सगळं बिघडलं.

दुसरं म्हणजे मुद्द्याचा आकडा गोळ्यात कोंबू नका. डोळ्याला अक्षावरचा फरक लगेच कळतो, गोळ्यांमधला अंदाजानेच. स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांचं २००६ चं टेड भाषण बघा, दर बाईमागे मुलं किती आणि आयुर्मान हे अक्षांवर, लोकसंख्या गोळ्यात. तसंच आपल्याकडे साक्षरता आडव्या अक्षावर आणि लिंग गुणोत्तर उभ्यावर टाकून बघा, नंदुरबार साक्षरतेत तिघांत मागे (साधारण ६४ टक्के, जळगाव ७८) पण दर हजार पुरुषांमागे बायकांचं प्रमाण तिथेच सगळ्यात जास्त. हे एका नजरेत दिसतं, बबल चार्ट काढायचा तो यासाठी. नुसती लोकसंख्याच दाखवायची असेल तर सरळ बार चार्ट काढा.

आडव्या अक्षावर तुमच्या आकड्यांऐवजी १, २, ३ येतंय? बहुतेक त्या कॉलममध्ये '७८ टक्के' असं अक्षरात टाइप झालंय किंवा डेटा निवडताना हेडिंगची ओळ पण आत आलीये. आकडे नुसते आकडे ठेवा, आणि एक्स, वाय, साइज हाच क्रम.

जळगावचे पंधरा तालुके टाकले की गोळे एकमेकांवर चढतात आणि बोदवडसारखा छोटा तालुका मोठ्याखाली गायबच होतो. फॉरमॅट डेटा सिरीजमध्येच 'स्केल बबल साइज टू' १०० वरून ३०-४० वर आणा, रंग थोडा पारदर्शक करा आणि डेटा मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करा, म्हणजे छोटे शेवटी काढले जाऊन वर येतात.

केळीच्या भावातली चढउतार साइजला देत असाल तर सांभाळून, भाव उतरला की आकडा उणे होतो आणि उणे गोळे एक्सेल आपणहून दाखवत नाही, म्हणजे ज्या आठवड्यात शेतकऱ्याचं नुकसान झालं नेमका तोच चार्टमधून गायब. अधिक-उणे असलेली गोष्ट अक्षावर ठेवा.

आणि हो, किती मोठा गोळा म्हणजे किती लाख हे एक्सेलचा लेजंड (चार्टच्या बाजूची खुणांची सूची) सांगत नाही, तर डेटा लेबलमध्ये 'बबल साइज' चालू करा आणि 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स'मधून तालुक्याचं नाव पण द्या.