स्मार्ट स्विच बंद, तरी बल्ब मिणमिणतो
न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) न लागणारा स्मार्ट स्विच बसवला आणि बंद केल्यावरही पॅसेजमधला ५ वॅटचा एलईडी बल्ब मिणमिणत राहिला. बल्ब चांगलाच होता. असा स्विच स्वतःपुरता करंट बल्बमधूनच ओढतो, आणि कमी वॅटच्या एलईडीला तेवढाही पुरतो.

होल्डरवर बल्बला समांतर बायपास कपॅसिटर (हा करंट बल्बऐवजी स्वतःतून जाऊ देणारा छोटा भाग) जोडला की हे थांबतं, पण ती मलमपट्टीच. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथेच मिळते. एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली, सॉकेटवरून काळी १ चौरस मिमी वायर घेतली आणि न्यूट्रलवाला स्विच बसवला. न्यूट्रल त्याच सर्किटची हवी; दुसऱ्या आरसीसीबीवरची (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवरची) घेतली तर तो ट्रिप होऊ शकतो आणि वायरमन उगाच गळती शोधत बसतो.