कर्नल अपडेटनंतर कार्ड गायब? आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट झाला, रिस्टार्ट केलं आणि लॅन कार्ड दिसेना, की लगेच कॅबिनेट उघडायचं. आमच्याकडं बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत हेच बघायलोय आणि खरंच जीव तळमळतो. काल चालणारं कार्ड नुसत्या रिस्टार्टनं सहसा जळत नाही हो.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात मी पोचेपर्यंत तिथल्या पोरानं कार्डाचे कॉन्टॅक्ट रबरानं घासलेले, स्लॉट बदललेला, वर नवीन कार्ड पण सांगून ठेवलेलं. झालं होतं असं, की कार्ड बसवताना कुणीतरी आर८१६८ ड्रायव्हर (कर्नलकडनं कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम, त्याची फाइल म्हणजे मॉड्यूल) हातानं कंपाइल करून टाकलेला आणि कर्नलचा स्वतःचा आर८१६९ ब्लॅकलिस्ट केलेला, म्हणजे लोड व्हायलाच बंदी. हातानं बनवलेलं मॉड्यूल त्या एकाच कर्नलच्या फोल्डरात राहतंय, नवीन कर्नलला ते मिळत नाही आणि जे मिळालं असतं ते आपणच अडवून ठेवलंय. त्यात स्लॉट बदलल्यानं कार्डाचं सिस्टीममधलं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं, म्हणजे जुन्या नावावर बांधलेला फिक्स आयपी पण लागेना, एका दुखण्याची दोन झाली. कार्ड जुन्या स्लॉटात घातलं, ग्रबच्या (चालू होताना दिसणारा बूट मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधनं जुना कर्नल निवडला, लॅन चालू. मग ब्लॅकलिस्टची ओळ काढली, नवीन कर्नलनं आर८१६९ वर कार्ड आपोआप उचललं.

मी पहिल्यांदा एलएसपीसीआय -एनएनके ही कमांड मारतो, ती मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. कार्ड यादीत आहे पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, तर भानगड ड्रायव्हरची, कॅबिनेटला हात लावू नका. यादीतच नाही, तर मशीन पूर्ण बंद करा, वायर काढून मिनिटभर थांबा, परत बघा, आणि तरी नाही दिसलं तर खुशाल उघडा, आपल्याकडच्या पावसात कॉन्टॅक्ट खराब होतातच.

डीकेएमएस (नवीन कर्नल आला की मॉड्यूल आपोआप परत बनवणारं साधन) आहे पण नवीन कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या फाइली, नाहीत, तर मॉड्यूल बनणारच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल लोड होत नाही, डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) मारून वाचा, तिथं लिहिलेलं असतंय.

आणि जागा वाचवायला जुना कर्नल उडवू नका बाबांनो! नवीन पोरांना हीच घाई फार, नाहीतर सरळ फॉरमॅट मारतात, बिलांचा डेटा गेला की मग फोन करतात. मी नवीन कर्नलवर आठवडाभर सगळी कार्डं चालल्याशिवाय जुना काढत नाही आणि अपडेटच्या आधी एलएसपीसीआयचं आउटपुट फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर होता ते नंतर शोधत बसावं लागत नाही.