प्रयोगशाळेतील उपकरणे जीपीआयबी बसवरून संगणकाला जोडताना

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातील चाचणी टेबलावर, तसेच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, मल्टिमीटर, पॉवर सप्लाय आणि सिग्नल जनरेटर एकाच संगणकावरून चालवायचे असतील, तर जुन्या उपकरणांच्या मागे असलेला चोवीस पिनांचा जीपीआयबी (म्हणजे उपकरणे आणि संगणक यांना एकाच सामाईक तारांच्या संचाने, अर्थात बसने, जोडणारा) जोड आजही पूर्ण भरवशाचा आहे. ह्यूलेट-पॅकार्डने विकसित केलेली ही बस १९७५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे आयईईई ४८८ हे मानक झाली. तिचे नियम थोडे असले तरी ते काटेकोरपणे पाळावे लागतात.

एका बसवर संगणक धरून जास्तीत जास्त १५ उपकरणे चालतात, आणि केबलची एकूण लांबी दर उपकरणामागे २ मीटर किंवा एकंदर २० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढीच ठेवावी. केबलचे काळे स्क्रू मेट्रिक आट्यांचे आणि चंदेरी स्क्रू इंची आट्यांचे असतात. ते एकमेकांत जबरदस्तीने फिरवू नयेत. प्रत्येक उपकरणाला ० ते ३० मधील वेगळा पत्ता द्यावा. ० हा बहुधा संगणकातील कार्डाचा असतो, म्हणून तो सोडावा. मागच्या बाजूच्या छोट्या स्विचांनी पत्ता बदलला, तर पुष्कळ जुनी उपकरणे बंद करून पुन्हा चालू केल्यावरच नवा पत्ता वाचतात. बसवरील किमान दोन-तृतीयांश उपकरणे चालू असावीत, कारण बंद उपकरणे सिग्नलच्या तारांवर भार टाकतात.

नागपुरात अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जीपीआयबी केबलचे आवरण सर्व उपकरणांच्या धातूच्या पेट्या एकमेकींना जोडते, त्यामुळे संगणक एका सर्किटवर आणि उपकरणे दुसऱ्यावर असतील, तर अर्थमधील फरकामुळे आवरणातून प्रवाह वाहू लागतो आणि मायक्रोव्होल्टची मोजणी डळमळते. उन्हाळ्यात येथील काळी माती सुकून भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्थ पिटमध्ये नियमित पाणी घालावे आणि सर्व वीजजोडण्या शक्यतो एकाच बोर्डावरून घ्याव्यात. मल्टिमीटरची अचूकता बहुधा २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, पाच अंशांच्या मर्यादेत दिलेली असते; मे महिन्यात नुसत्या कूलरवर चालणारी खोली त्या मर्यादेबाहेर जाते, हे ध्यानात घेऊन प्रत्येक नोंदीबरोबर खोलीचे तापमानही साठवावे.

जोडणी झाली की लगेच मोठा प्रोग्राम लिहायला घेऊ नये. एकच उपकरण जोडून त्याला *आयडीएन? (*IDN?) ही ओळख विचारणारी आज्ञा पाठवावी. निर्माता, मॉडेल आणि क्रमांक परत आले, तर केबल, पत्ता आणि ड्रायव्हर तिन्ही बरोबर आहेत. ही आज्ञा १९८७ च्या आयईईई ४८८.२ मानकातील आहे. त्याआधीच्या उपकरणांना ती समजत नाही, तेव्हा त्यांच्या पुस्तिकेतील आज्ञा वापराव्यात. मग एकेक उपकरण वाढवत जावे, म्हणजे पत्त्याची टक्कर कोठे झाली ते तत्काळ कळते.

सर्वांत जास्त गोंधळ संगणकाने उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीमुळे (टाइमआउट) होतो. पायव्हिसा या उपकरणे चालवण्याच्या पायथन लायब्ररीमध्ये ही मुदत मुळात २ सेकंदांची असते; मल्टिमीटर मात्र वीजपुरवठ्याच्या १०० आवर्तनांवर सरासरी काढत असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर नुसत्या मोजणीलाच २ सेकंद लागतात आणि ऑटोझिरो (प्रत्येक मोजणीबरोबर स्वतःचे शून्यही मोजण्याची सोय) चालू असल्यास ती वेळ दुप्पट होते. अशा वेळी आलेल्या त्रुटीवरून केबल बदलत बसण्याऐवजी मुदत १० सेकंद करावी. उपकरणाने उणे ११३ या क्रमांकाची त्रुटी दिली, तर उपकरणाला आज्ञाच ओळखता आलेली नाही. उणे ४२० आली, तर प्रश्न पूर्ण न पाठवताच उत्तर मागितले गेले आहे.

पॉवर सप्लायला व्होल्टेज देण्यापूर्वी करंटची मर्यादा ठरवावी आणि प्रोग्राम मध्येच थांबला तरी आउटपुट बंद होईल अशी सोय त्यात करावी, कारण संगणक गोठला तरी सप्लाय शेवटची आज्ञा पाळत राहतो. म्हणून हाताशी असा मुख्य स्विचही ठेवावा, जो संगणकावर मुळीच अवलंबून नाही.