जुन्या शेव्ही पिकअपमध्ये ३५० टाकायचं की ४५४? आधी मागचा ॲक्सल बघा

जुना शेव्ही (शेव्हरोले) पिकअप घेतला, इंजिन धूर ओकतंय, आता स्मॉल-ब्लॉक टाकू की बिग-ब्लॉक, म्हणजे लहान घराण्यातलं ३५० व्ही८ की मोठ्या घराण्यातलं ४५४? इथे अमेरिकेत हा प्रश्न कुणालाही विचारा, लगेच उत्तर मिळतं. "ट्रक आहे ना, मग बिग-ब्लॉकच टाक." ज्याने हे सांगितलं त्याने तुमच्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा रेशो किती (चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे, म्हणजे इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे, किती फेरे), ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्स कोणता, मागे ट्रेलर लावणार की नुसता होम डेपो नावाच्या दुकानातून प्लायवूड आणणार, यातलं काहीच विचारलेलं नसतं. असले सल्ले कानाआड करा.

मी इथे १९७३ ते ८७ च्या शेव्हीबद्दल बोलतोय, म्हणजे चौकोनी बॉडीचे "स्क्वेअरबॉडी" सी१० (अर्ध्या टनाचा) आणि त्याहून दणकट सी२०, कारण शेव्हीत हा मोह सगळ्यात जास्त. स्मॉल-ब्लॉक आणि बिग-ब्लॉक दोघांना बेलहाऊसिंगचे (इंजिनला ट्रान्समिशन जोडणाऱ्या खोळीचे) बोल्ट एकाच मापाचे, त्यामुळे तेच ट्रान्समिशन दोन्हीच्या मागे बसतं. फोर्डमध्ये ३०२ काढून ४६० टाकायला गेलात तर बेलहाऊसिंगच वेगळं, डॉजमध्ये ३१८ च्या जागी ४४० टाकायला गेलात तरी तेच, म्हणजे ट्रान्समिशनही बदला. तिथे माझं मत साधं आहे, जे कंपनीतून आलंय तेच दुरुस्त करा.

हे आकडे क्युबिक इंचांतले, ३५० म्हणजे ५.७ लिटर. स्मॉल-ब्लॉक घराणं १९५५ चं, ३५० आलं १९६७ ला. ४५४ म्हणजे ७.४ लिटर, १९७० पासून. एकेका सिलिंडरमध्ये ०.९ लिटरच्या वर, आणि तिकडे पुण्यात स्विफ्टचं अख्खं इंजिन १.२ लिटरचं असतं. वजनात ४५४ साधारण ५० किलोने जड आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा पण बदलायच्या हे धरून चाला.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर भांडू नका. १९७० च्या शेव्हेलमधलं ४५४ कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं होतं, पण ते ग्रॉस रेटिंग, म्हणजे इंजिन उघडं टेबलावर ठेवून मोजलेलं, १९७२ पासून नेट रेटिंग (सगळं सामान लावून मोजलेलं) आलं आणि सगळ्यांचेच आकडे खाली आले. शिवाय ट्रकमधलं ४५४ हे ते इंजिन नव्हेच. १९९० चा ४५४ एसएस पिकअप घ्या, २३० हॉर्सपॉवर. आणि १९९६ नंतरच्या पिकअपमधलं व्होर्टेक ३५०, २५५ हॉर्सपॉवर! टॉर्क मात्र ४५४ चा ३८५ पौंड-फूट, व्होर्टेकचा ३३०. बिग-ब्लॉक घ्यायचं ते या खालच्या आरपीएमवरच्या टॉर्कसाठी, आणि तो टॉर्क तुम्हाला खरंच लागतो का हे इंजिनकडे बघून कळतच नाही, ते ट्रकखाली आडवं पडून कळतं.

आता खरी डोकं खाणारी पायरी, मागचा रेशो. बरेच सी१० कंपनीतून ३.०८ चा क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी, रेशो हीच ठरवते) घेऊन आले, पेट्रोल वाचावं म्हणून. असा ट्रक सिग्नलवरून उठतच नाही, चढाला रडतो, आणि मालकाला वाटतं इंजिन कमी पडतंय. मग तो ४५४ शोधायला लागतो. जरा हिशोब करा. टीएच३५० (हे तीन गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, ३५० इंजिन नव्हे) चा पहिला गिअर २.५२, गुणिले ३.०८, झाले ७.७६. त्याच ३५० इंजिनच्या मागे ७००आर४ (चार गिअरचं ऑटोमॅटिक) लावलं, पहिला गिअर ३.०६, आणि मागे ३.७३ टाकलं तर झाले ११.४१. म्हणजे उठताना चाकावर जवळजवळ ४७ टक्के जास्त जोर, इंजिनला हातही न लावता. ३५० वरून ४५४ वर गेलात तर सीसी वाढतात साधारण ३० टक्के, टॉर्क त्याच हिशोबात धरा. आणि खर्च कुठे जास्त ते सांगायला नको.

हायवेचाही हिशोब घ्या. मैलातला वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची. २९ इंची टायर, ६५ मैलांचा वेग, ३.७३ आणि टॉपला ओव्हरड्राइव्ह (इंजिनपेक्षा ड्राइव्हशाफ्ट जोरात फिरवणारा गिअर) नाही, तर इंजिन २८०० च्या आसपास फिरतं, दिवसभर घूंऽऽ आवाज. ३.०८ ला २३२० येतात. ७००आर४ चा ओव्हरड्राइव्ह ०.७०, म्हणजे ३.७३ असूनही १९७० च्या आत. उठायला ताकद आणि हायवेला शांतता असं दोन्ही मिळतं, म्हणून रोजच्या ट्रकसाठी ३५० + ७००आर४ + ३.७३ यापुढे मी कुणाचं ऐकत नाही.

पण आधी तुमच्याकडे आहे काय ते कळलं पाहिजे ना. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर स्टिकर असतो, त्यात तीन-तीन अक्षरी कोड. जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. स्टिकर वाचून खूश होऊ नका मात्र! चाळीस-पन्नास वर्षांत ॲक्सल बदललेला असू शकतो, झाकण दुसऱ्याच ट्रकचं असू शकतं. प्रत्यक्ष मोजा. दोन्ही मागची चाकं वर घ्या, जॅक-स्टँडवरच, नुसत्या जॅकवर ट्रकखाली शिरलात तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. न्यूट्रल करा, टायरला आणि ड्राइव्हशाफ्टला खडूने खूण करा आणि एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर ते दुसरं चाक कुणालातरी घट्ट धरायला लावा आणि तुमचं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा, ड्राइव्हशाफ्टचे जितके फेरे तितका रेशो. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली तर एकच फेरा. इथेच लोक गडबडतात, दुसरं चाक उलटं फिरणारा ॲक्सल असताना ते धरून आपलं चाक एकच फेरा फिरवतात, उत्तर येतं १.८ आणि मग लिहितात "माझा रेशो विचित्र आहे". अहो विचित्र काही नाही, अर्धंच मोजलंत.

फेरे मोजून ३.४२ आणि ३.७३ मधला फरक नजरेने पकडणं अवघड जातं, पाव-पाव फेऱ्याचा खेळ आहे. मी सरळ डिफरेन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याचं) झाकण उघडतो. ऑइल तसंही बदलायचंच असतं, आणि आत दात मोजता येतात. मोठ्या गिअरला ४१ आणि पिनियनला ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४१-१२ म्हणजे ३.४२, ४०-१३ म्हणजे ३.०८. वाद संपला.

७००आर४ घेतलंत तर एक ताकीद. त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल कार्ब्युरेटरपासून ट्रान्समिशनमध्ये जाते आणि आतलं प्रेशर ठरवते. ती ढिली राहिली तर नवीन बनवलेलं ट्रान्समिशनसुद्धा क्लच जाळून बसतं, आणि ते एका फेरफटक्यात होतं. टीएच३५० च्या काळातल्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर ती केबल योग्य कोनात बसत नाही, त्याचं ब्रॅकेट वेगळं मिळतं, ते घ्या, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर केबल पूर्ण ताणली जाते हे डोळ्यांनी बघा. तोवर गाडी ड्राइव्हवेतून बाहेर काढू नका. "तार बांधून जुगाड केलंय, चालतंय" म्हणणाऱ्यांना नमस्कार. ४५४ च्या मागे साधं ७००आर४ लावूच नका, तिथे जास्त दणकट टीएच४००, आणि ओव्हरड्राइव्ह हवाच असेल तर १९९१ नंतरचं ४एल८०ई.

मग ४५४ कधी? ट्रक सी२० किंवा सी३० आहे, मागे १४ बोल्टचा भक्कम ॲक्सल आहे, टीएच४०० आहे, आणि घोड्यांचा ट्रेलर किंवा मोठा कॅम्पर खरंच नियमित ओढायचाय, तर नक्की ४५४. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर टनेल ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथे ट्रेलर घेऊन चढताना विरळ हवेत कुठलंही कार्ब्युरेटरचं इंजिन आपली बरीच ताकद घालवून बसतं, ३५० तिथे किंचाळत चढतं. आणि ट्रक कंपनीतूनच ४५४ घेऊन आला असेल तर काढूच नका, तेच बांधा. पण अर्ध्या टनाच्या सी१० मध्ये ४५४ टाकून त्याची ओढायची क्षमता वाढते हा गैरसमज आहे, ब्रेक तेच, फ्रेम तीच, ॲक्सल तोच. ओढाल हो, थांबवणार कसं?

पेट्रोल: ४५४ गॅलनमागे ८ ते १० मैल, ३५० साधारण १२ ते १५. वर्षाला ५ हजार मैल धरले, ९ आणि १३ चा हिशोब केला, तर १७० गॅलनचा फरक. दर तुमच्या गावचा लावा.

इंजिन विकत घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. एक्झॉस्टचे पोर्ट बघा, मधले दोन चिकटून असतील तर स्मॉल-ब्लॉक, चारही सारख्या अंतरावर असतील तर बिग-ब्लॉक. कास्टिंग नंबर ब्लॉकच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या अंगाला, बेलहाऊसिंगच्या फ्लँजवर असतो, तेल-माती खरवडून वाचा आणि तिथेच उभं राहून फोनवर शोधा. "४२७ आहे" (हेही बिग-ब्लॉकच) म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर ते मोठ्या मालट्रकचं टॉल-डेक तर नाही ना बघा, त्याचा ब्लॉक ०.४ इंच उंच, इनटेक मॅनिफोल्डपासून सगळं वेगळं. ४५४ घेताना त्याचाच पुढचा बॅलन्सर आणि मागची फ्लेक्सप्लेट (क्रँकला ट्रान्समिशन जोडणारी चकती) सोबत घ्या, ते बाहेरून बॅलन्स केलेलं इंजिन आहे, ३५० ची फ्लेक्सप्लेट लावलीत तर थरथरून बेअरिंग खाईल. हेड ओव्हल पोर्टची, म्हणजे लंबगोल तोंडाची घ्या. रेक्टँग्युलर पोर्ट रेसवाल्यांना राहू द्या.

कॅलिफोर्नियात असाल तर १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, १९७६ पासूनच्यांना आहे, त्यामुळे ७६ पासूनच्या ट्रकात इंजिन बदलण्याआधी नियम वाचा, नंतर नाही.

बसवणं सोपं, सामान जमवणं नाही. फ्रेमवरचे स्टँड, अल्टरनेटरची ब्रॅकेटं, मॅनिफोल्ड, रेडिएटर आणि फॅनचं श्राऊड हे सगळं बिग-ब्लॉकला बिग-ब्लॉकचंच लागतं, ४५४ वाला ट्रक भंगारात गेलेला मिळाला तर त्याच्यावरूनच एकदम उचला, सुटं गोळा करत बसलात तर इंजिनाइतकेच पैसे जातात.

नवीन कॅमशाफ्ट टाकला असेल आणि तो फ्लॅट-टॅपेट (रोलर नसलेला, घासून चालणारा) असेल तर पहिल्यांदा सुरू करण्याआधी टायमिंग लावून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, जास्त झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला. इंजिन लागलं की आयडलवर सोडू नका, लगेच २००० च्या वर घ्या आणि वीसेक मिनिटं २००० ते २५०० मध्ये वर-खाली करत ठेवा. पाणी गळायला लागलं किंवा तापायला लागलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा, आणि परत सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. मग ते ऑइल काढून टाका, फिल्टर कापून आत चमचमणारा चुरा दिसतो का बघा.