पेट्रिफाय शब्द कसा फोडायचा आणि मराठीत कसा आणायचा

इंग्रजी पेट्रिफायचा अर्थ पाठ करत बसू नका, सरळ दोन तुकडे करा. पहिला पेट्रा, ग्रीकमध्ये खडक, कातळ, आणि लॅटिननेही तो तसाच उचलला. दुसरा फाय, हा लॅटिन फाकेरे म्हणजे करणे, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेला, प्युरिफाय सिम्प्लिफाय नोटिफाय सगळीकडे तोच आहे. जोडलं की झालं, दगड करणे किंवा होणे.

मग त्याचे भाऊबंद शोधा म्हणजे शब्द डोक्यात पक्का बसतो. पेट्रोलियम म्हणजे खडकातलं तेल, ओलेयम म्हणजे तेल. जॉर्डनमधलं कड्यात कोरलेलं पेट्रा शहर आहेच. पीटर हे नावसुद्धा, येशूने आपल्या सायमन या शिष्याला अरामी भाषेत केफा म्हणजे खडक असं नाव दिलं त्याचं ग्रीक रूप पेट्रोस. आणि माझा सगळ्यात आवडता पेट्रिकोर, कोरड्या मातीवर पाऊस पडला की येणारा वास, हा शब्द १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवला, त्यातला इकोर म्हणजे ग्रीक देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहतो तो द्रव. पण नुसतं पेट दिसलं म्हणून नातं जोडू नका, प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या चपट्या बशीला म्हणतात त्या पेट्री डिशमधला पेट्री हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव आहे आणि पिटिशन लॅटिनच्या मागणे या अर्थाच्या शब्दातून आलंय.

आता मराठी. इथे आधी बघायचं की वाक्य कशाबद्दल आहे, कारण एकच शब्द सगळीकडे चालत नाही.

लाकूड, हाड असं काही असेल तर अश्मीभवन. अश्म म्हणजे दगड, आणि मधला तो ई फार कामाचा आहे, संस्कृतात त्याला च्वि प्रत्यय म्हणतात, आधी जे नव्हतं ते होणं, बाष्पीभवन द्रवीभवन मध्ये तोच. घडतं असं की गाडलेल्या लाकडात खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं, सिलिका वगैरे पेशींच्या पोकळीत साचत जाते आणि हळूहळू लाकडाचीच जागा घेते, म्हणून दगड झाल्यावरही आतली वर्षवलयं दिसतात. पण जीवाश्म दिसला की लगेच अश्मीभूत लिहू नका हं, राळेत अडकलेला किडा किंवा पावलाचा ठसा हेही जीवाश्मच, पण ते प्राणी काही दगड झालेले नसतात.

शाप किंवा जादू असेल तर शिळा होणे. अहल्येमुळे हा प्रयोग आपल्या कानात आहेच (वाल्मीकींच्या मूळ कथेत ती शिळा होत नाही, राखेत अदृश्य पडून राहते, शिळेची कथा नंतरची). ग्रीक पुराणकथेतल्या मेड्यूसाच्या नजरेने माणसं शिळा झाली, एकदम बरोबर वाटतं.

आणि भीती असेल तर दगड शब्दाला हातच लावू नका! इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. इंग्रजीत घाबरलेला माणूस दगड होतो, मराठीत दगड झालेला माणूस म्हणजे ज्याला काही वाटेनासं झालंय तो, काळजाचा दगड करणं म्हणजे मन घट्ट करणं, अर्थ पार उलटा. भीतीसाठी थिजणे, गोठणे, जागच्या जागी खिळणे हे आपले शब्द. ‘शी वॉज पेट्रिफाइड’ला ‘ती दगड झाली’ नको, ‘ती भीतीने थिजली’ लिहा, आणि भीती साधीच असेल, म्हणजे कुणाला पालीची वाटते तशी, तर ‘तिची घाबरगुंडी उडते’ एवढं पुरे.